‘स्वास्थ्य’ म्हणजे केवळ आरोग्य का?

विचारणा : नागपुरातील आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी मी एक निवेदन लिहीत आहे. निवृत्तिवेतन, घर आणि औषधपाणी यांची सोय असूनही माणसाला आणखी जे लागते, म्हणजे सोबत, मान आणि निर्धास्तपणा, त्या सर्वांसाठी मी ‘स्वास्थ्य’ हा शब्द योजला; परंतु वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ तब्येत असाच घेतला. त्याऐवजी ‘समाधान’ किंवा ‘योगक्षेम’ चालेल का?

उत्तर : शब्द बदलू नये, असे मला वाटते. ‘स्वस्थ’ म्हणजे आपल्या ठिकाणी स्थिर असलेला, आणि त्याचे भाववाचक नाम ‘स्वास्थ्य’. मराठीत शरीरासाठी ‘प्रकृती’ आणि ‘आरोग्य’ हे शब्द रुळलेले असल्यामुळे ‘स्वास्थ्य’ बरेचसे मनाकडे राहिले. ‘जिवाला स्वास्थ्य नाही’ असे म्हणणारी आई ताप आल्याचे सांगत नसते, आणि ‘अस्वस्थ’ माणूस आजारी असेलच असे नाही. हिंदीत मात्र ‘अस्वस्थ’ म्हणजे आजारीच, आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या, आजही दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्या शहरात तोच अर्थ आधी मनात येतो. वास्तविक सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातील स्वस्थाच्या व्याख्येतही दोष (वात, पित्त, कफ), अग्नी (पचनशक्ती) आणि धातू (रस, रक्त, मांस इत्यादी शरीरघटक) यांच्या समतोलासोबत आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता सांगितलेली आहे.

‘योगक्षेम’ मूळचा व्यापक शब्द आहे : न मिळालेले मिळणे आणि मिळालेले टिकणे. पण व्यवहारात ‘योगक्षेम चालतो’ याचा अर्थ पोटापाण्याची सोय होते एवढाच उरला आहे. ‘समाधान’ तर मुळीच घेऊ नये, कारण ज्याच्या वाट्याला काही आलेले नाही त्यालाच आपण ‘समाधान मानून घ्या’ असे सांगत असतो.

पुरवणी : वरील मत मान्य आहे, परंतु त्यात मान हा भाग सुटतो. ‘स्वास्थ्य’ एकट्याने मिळवता येईल. मान दुसऱ्याने द्यावा लागतो. दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात केलेल्या भाषणात माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते असे ठामपणे मांडले होते, आणि तिथे त्यांनी योजलेला ‘इज्जत’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द मला ‘प्रतिष्ठे’पेक्षा अधिक नेमका वाटतो. निवेदनाच्या शीर्षकात ‘स्वास्थ्य आणि इज्जत’ असे दोन्ही शब्द ठेवावेत.