गणिताच्या शिक्षकांशी ऑनलाइन ओळखी कशा वाढवायच्या?

इंदूरची_बाई: मी इंदूरला सहावी-सातवीला गणित शिकवते, शाळेत गणिताची मी एकटीच, त्यामुळे काही अडलं तर विचारणार कोणाला? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत पण तिथे सकाळपासून नुसती फुलं आणि सुविचार. बाहेरचे शिक्षक कुठे भेटतात?

गणित_मास्तर: ताई, जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरच्या साइटवर जगभरातल्या शिक्षकांनी बनवलेल्या अ‍ॅक्टिव्हिटी फुकट आहेत, एखादी उचला, आपल्या वर्गासाठी बदला आणि परत टाका, मग जुळतात लोक. नुसतं वाचत बसलं तर कोण ओळखणार हो!

पोहे_जलेबी: सरकारचं दीक्षा हे ऑनलाइन शिक्षण पोर्टल आहे ना, २०१७ पासून. निष्ठा या सरकारी शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्सही तिथेच, आणि २०२० च्या शिक्षण धोरणात वर्षाला किमान ५० तास ट्रेनिंग सांगितलंय त्यात कामी येतील. पण खरं सांगू, सर्टिफिकेट मिळतं, मैत्री नाही होत 😄

इंदूरची_बाई: बरं, माझ्या वर्गात अर्ध्या मुलांनी १/२ + १/३ = २/५ लिहिलंय, वहीचा फोटो टाकू का?

गणित_मास्तर: टाकाच! मुलांची नावं तेवढी झाका. "अपूर्णांक कसे शिकवू" विचारलं की कोणी फिरकत नाही, अशी चूक दाखवली की सगळे धावत येतात.