सिंदेवाहीत रॉकेटचं कडं पडलं तसं परत होणार का? खाजगी रॉकेटं वाढून राहिली म्हणून विचारते

नभा, मानेवाडा

नमस्कार मंडळी. माझं माहेर सिंदेवाही तालुक्यातलं, आता नागपुरात असते. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळत्या तुकड्यांची लांबच लांब रांग गेली होती ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. त्याच रात्री लाडबोरीत तीनेक मीटरचं धातूचं कडं पडलं, मग पवनपारकडे गोळा सापडला, इस्रोची माणसंही येऊन बघून गेली. चीनच्या रॉकेटचा भाग होता असं नंतर वाचलं. कोणाला लागलं नाही ते बरं झालं, पण आमच्याकडे धानाच्या बांधीत दिवसभर बायामाणसं असतात हो, आणि घरं कौलारू.

आता तेव्हापासून रॉकेटांची संख्या काय वाढून राहिली आहे, अमेरिकेतली स्पेसएक्स कंपनी तर दर दोन-तीन दिवसांनी एक सोडते, आपल्याकडेही स्कायरूट आणि अग्निकुल या खाजगी रॉकेट कंपन्या आल्या. मला या सगळ्याचं कौतुकच आहे, शुभांशू शुक्ला अवकाश स्टेशनवर गेले तेव्हा आमच्या घरचे सगळे टीव्हीसमोर होते. पण मग असं पडणं वाढणार का? रॉकेट परत येऊन उभं राहतं, पुन्हा वापरतात म्हणतात, तर मग पडतं ते नेमकं काय? आणि उद्या एखाद्याच्या घरावर पडलं तर भरपाई मागायची कोणाकडे, कंपनीकडे का सरकारकडे? आई विचारते आणि मला धड सांगता येत नाही.

दुर्बीणवाला अंबाझरी

ताई, प्रश्न एकदम बरोबर आहे, काऊन की बहुतेक लोक इथेच गोंधळतात. परत येऊन उभा राहतो तो खालचा टप्पा, म्हणजे बूस्टर. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा बूस्टर पहिल्यांदा डिसेंबर २०१५ ला उतरला, २०१७ ला वापरलेला बूस्टर पुन्हा उडाला, आता काही बूस्टर तर तीस-तीस वेळा जाऊन आलेले आहेत. ब्लू ओरिजिन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये तिच्या न्यू ग्लेन रॉकेटचा बूस्टर जहाजावर उतरवला. पण हा बूस्टर कक्षेत जातच नाही, काही मिनिटांत खाली येतो. सॅटेलाइटला शेवटपर्यंत पोचवतो तो वरचा टप्पा, त्याचा वेग तासाला २८,००० किलोमीटरच्या आसपास, आणि सॅटेलाइट सोडून झाल्यावर तो तिकडेच फिरत राहतो. सिंदेवाहीला पडलं ते हेच. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचा हिशेब लावून सांगितलं होतं की चीनच्या लाँग मार्च ३बी चा तिसरा टप्पा, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेला. म्हणजे वर्षभर तो तसाच घिरट्या घालत होता, दर फेरीत वातावरणाला थोडा घासत.

आता असा टप्पा कुठे पडणार हे आधी काऊन सांगता येत नाही? कारण वरच्या विरळ हवेची घनता सूर्यावर अवलंबून असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौर वादळामुळे हवा फुगली आणि स्पेसएक्सच्या नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक इंटरनेट सॅटेलाइटपैकी चाळीसेक वर चढायच्या आतच जळून गेले, एवढा फरक पडतो. आणि तासाभराची चूक म्हणजे २८,००० किलोमीटरची चूक, चंद्रपूर म्हणता म्हणता ब्राझील होतं. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं म्हणून बराच भाग वरच जळतो, टायटॅनियमला साडेसोळाशेच्या वर लागतात, आणि कार्बन फायबर गुंडाळलेल्या गोल टाक्या तर चिवटच. म्हणून लोकांना नेहमी गोळेच सापडतात.

पण हे टाळता येते, हे मला मोठ्याने सांगायचं आहे. वरच्या टप्प्यात थोडं इंधन राखून ठेवायचं, काम झालं की इंजिन पुन्हा पेटवून त्याला मोकळ्या समुद्रात उतरवायचं. फाल्कनचा वरचा टप्पा बहुतेक वेळा असाच उतरवतात. २०२४ मध्ये फाल्कनची १३० च्या वर उड्डाणं झाली, तरी जमिनीवर पडल्याच्या बातम्या मोजक्या, आणि पडलं ते इंजिन पुन्हा पेटलं नाही म्हणून, १९ फेब्रुवारी २०२५ ला पोलंडमध्ये पोझनानजवळ टाक्या पडल्या ते तसंच झालं. म्हणजे नुसती उड्डाणं किती हे बघून उपयोग नाही, वरचा टप्पा किती जण नीट उतरवतात ते बघा.

सिव्हिल लाइन्स वकील

भरपाईचं मी सांगतो. १९६७ चा बाह्य अवकाश करार आणि १९७२ चा दायित्व करार, भारत आणि चीन दोघंही दोन्हीत आहेत. जमिनीवर नुकसान झालं तर ज्या देशाने सोडलं तो देश जबाबदार, आणि जबाबदारी पूर्ण, म्हणजे त्यांची चूक होती हे सिद्ध करायची गरजच नाही. कंपनी खाजगी असली तरी देश हात झटकू शकत नाही, १९६७ च्या करारात ते स्पष्ट आहे. दुसऱ्याचं सॅटेलाइट आपण सोडलं, जसे इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने वनवेब या ब्रिटनच्या कंपनीचे सोडले, तर आपणही सोडणारा देश ठरतो आणि नुकसान झालं तर त्या दोन देशांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते.

पण या करारात शेतकरी स्वतः दावा करत नाही, त्याच्या वतीने भारत सरकारने परराष्ट्र खात्यातून करायचा, आणि तोही साधारण एका वर्षाच्या आत. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएतचा कॉसमॉस ९५४, अणुभट्टीवाला, कॅनडात पडला. कॅनडाने साठ लाख डॉलरच्या आसपास मागितले, १९८१ ला तीस लाखांवर तडजोड झाली. एका देशाला एवढी वर्षं लागली, तर घराचं कौल फुटलेल्या माणसाचं काय होणार ते बघा. म्हणून तहसीलदाराचा पंचनामा, फोटो, वेळ, जागा हे सगळं त्याच दिवशी झालं पाहिजे, पुढचं सगळं त्याच कागदावर उभं राहतं. आणि पडलेली वस्तू सापडणाऱ्याची होत नाही, ज्या देशाची असेल त्याने मागितली तर परत द्यावी लागते, भंगारात विकायची नाही.

आपल्याकडे २०१७ ला अवकाश कायद्याचा मसुदा आला होता, मग २०२० ला खाजगी कंपन्यांना परवानगी देणारं इन-स्पेस हे सरकारी केंद्र आलं, २०२३ ला अवकाश धोरण आलं. धोरण चांगलं आहे, पण नुकसान झालेल्याला लवकर पैसे मिळतील अशी तरतूद कायद्यातच पाहिजे, सरकारने आधी द्यावे आणि मग त्या देशाकडून वसूल करत बसावे.

नभा, मानेवाडा

खूप आभार दोघांचे. पंचनाम्याचं भावाला लगेच कळवते. पण मग चीनवर बोट दाखवून झालं, आपली स्वतःची रॉकेटं? आपलं काही कुठे पडलंय का?

बाजारगाव रोड

पडलंय ताई. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर मोठा पिंप वाहून आला, तिथल्या स्पेस एजन्सीने सांगितलं की बहुतेक इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा. तो कक्षेतून पडलेला नाही, उड्डाणात ठरल्याप्रमाणे समुद्रात पडतो तो टप्पा, पण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला त्याने काय फरक पडतो.

मी याच लाइनमध्ये काम करून राहिलो म्हणून थोडं लांबण लावतो. नागपूरकर म्हणून हे आपल्याला माहीत पाहिजे की स्कायरूटच्या विक्रम-१ रॉकेटचा दुसरा टप्पा, कलाम-२५०, त्याचं घन इंधन इथे सोलर इंडस्ट्रीजच्या कारखान्यात भरलं गेलं, मार्च २०२४ मध्ये श्रीहरिकोट्याला त्याची ८५ सेकंदांची चाचणी झाली. त्याआधी त्याच रॉकेटच्या कलाम-१०० मोटरची चाचणी तर मे २०२२ मध्ये नागपुरातच झाली. म्हणजे लाडबोरीत कडं पडलं त्याच्या पुढच्याच महिन्यात इथे रॉकेटची मोटर पेटत होती. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला स्कायरूटचंच विक्रम-एस ८९.५ किलोमीटरपर्यंत जाऊन समुद्रात पडलं, देशातलं पहिलं खाजगी रॉकेट. मला याचा फार अभिमान आहे आणि म्हणूनच हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे असं वाटते.

घन इंधनाची मोटर दिवाळीतल्या अनारासारखी, एकदा पेटली की संपेपर्यंत जळते, बंद करून पुन्हा पेटवता येत नाही. म्हणून अशा मोटरने कक्षेपर्यंत गेलेला टप्पा ठरवून खाली आणता येत नाही. विक्रम-१ मध्ये सगळ्यात वर द्रव इंधनाचा टप्पा आहे, रमण इंजिनांचा, तो पुन्हा पेटवता येतो. पण पेटवता येणं वेगळं आणि त्यासाठी इंधन राखणं वेगळं. राखलेलं प्रत्येक किलो म्हणजे गिऱ्हाइकाच्या सॅटेलाइटचं वजन तेवढं कमी, छोट्या रॉकेटला ते फार जड जाते, धंद्याचं गणित तिथेच अडते.

इस्रोने मात्र दाखवून दिलंय. जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ चा चौथा टप्पा ६५० किलोमीटरवरून ३५० वर आणला, उरलेलं इंधन काढून टाकलं, मधल्या काळात त्यालाच प्रयोगशाळा करून वापरलं, आणि २१ मार्चला तो पॅसिफिकवर संपला. मार्च २०२३ मध्ये मेघा-ट्रॉपिक्स सॅटेलाइट तर तशी सोयच नसताना ठरवून पॅसिफिकमध्ये उतरवला. २०३० पर्यंत आपल्या सगळ्या मोहिमा, सरकारी आणि खाजगी दोन्ही, कचरामुक्त करायचं इस्रोने जाहीर केलंय. आता खाजगी कंपन्यांना परवानगी देताना हे काटेकोर पाळलं जाते का ते बघायचं.

आणि लोकांनी विचारून काही होते का, तर होते. स्पेसएक्सच्या माणसं नेणाऱ्या ड्रॅगन कॅप्सूलच्या मागचा भाग, ट्रंक म्हणतात, तो आधी वरच सोडून द्यायचे, जळून जाईल म्हणून. २०२२ मध्ये त्याचे मोठे तुकडे ऑस्ट्रेलियात मेंढपाळांच्या शेतात सापडले, २०२४ मध्ये कॅनडात सस्कॅचवानच्या शेतात सापडले, शेतकऱ्यांनी फोटो टाकले, पेपरात आलं. मग स्पेसएक्सने उतरायची जागाच बदलली, फ्लोरिडाऐवजी कॅलिफोर्नियाचा समुद्र, म्हणजे ट्रंक शेवटी सोडता येते आणि ती पॅसिफिकमध्ये पडते. तुम्ही १५ जुलै २०२५ ला शुक्ला सान दिएगोजवळ उतरताना बघितले ना, ते तिकडे उतरले ते याच बदलामुळे.

सोनेगाव

विमानांचंही ध्यानात ठेवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनच्या लाँग मार्च ५बी चा भाग पडणार म्हणून स्पेनने काही वेळ आकाशाचा मोठा पट्टा बंद केला होता, जानेवारी २०२५ मध्ये स्पेसएक्सचं स्टारशिप रॉकेट फुटलं तेव्हा कॅरिबियनवरची विमानं वळवली. नागपूरवरून तर चारही दिशांची विमानं जातात.

गुरुजी नागभीड

आमच्या शाळेतल्या पोरांना मी सांगत असतो तेच इथे लिहितो. पडलेला गोळा किंवा टाकी दिसली तर हात लावायचा नाही, जवळही जायचं नाही, लहान पोरांना तर अजिबात नाही, कारण काही टाक्यांत हायड्राझीन नावाचं इंधन असते, ते अतिशय विषारी, वास घेऊन बघायची गोष्ट नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहायचं, ढोरं बाजूला काढायची, लांबून फोटो काढायचा आणि पोलीस पाटलाला सांगायचं, नाहीतर ११२ ला फोन. वकील साहेबांनी पंचनाम्याचं लिहिलं ते छापून ग्रामपंचायतीत लावतो म्हणतो, चालेल ना? आणि बाजारगाववाले भाऊ, एखाद्या शनिवारी शाळेत येऊन हे रमण इंजिनाचं पोरांना सांगाल का, नववी-दहावीची पोरं फार विचारत असतात.

बाजारगाव रोड

येतो गुरुजी. मेसेज करा, तारीख ठरवू.