मोठे इम्प्लांट काढून लहान बसवल्यानंतर : आपले अनुभव इथे लिहूया

स्तनांचे इम्प्लांट पहिल्यांदा बसवून घेतल्यावर काय होतं, हे सांगणाऱ्या दोन-चार जणी तरी भेटतात. पण मोठे इम्प्लांट काढून त्याजागी लहान बसवले, तर शरीर कसं सावरतं, हे सांगणारं आपल्या कोल्हापूर भागातलं मला कुणी भेटलं नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे किंवा घरात कुणाची शुश्रूषा केली आहे, त्यांनी जरूर लिहावं. नाव नको, पेठ किंवा गाव पुरे. डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं नकोत. आणि 'मुळात बसवलेच कशाला' हा प्रश्न इथे कुणी कुणाला विचारायचा नाही.

माझ्यापासून सुरुवात करते.

राजारामपुरी, वय ४१

माझे ४०० सीसीचे होते, आता २५० आहेत. सिलिकॉनचं एक सीसी म्हणजे साधारण एक ग्रॅम. म्हणजे छातीवरून दोन्ही बाजू मिळून तीनशे ग्रॅमच्या आसपास वजन उतरलं. आकडा छोटा वाटतो. पण मान आणि खांदे रोज संध्याकाळी भरून यायचे, ते भूल उतरल्या दिवसापासूनच हलके वाटायला लागले.

डॉक्टरांनी आधीच कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. इम्प्लांट आत गेला की शरीर त्याच्याभोवती स्वतःचं एक आवरण तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. माझं आवरण ४०० च्या मापाचं झालेलं. त्यात २५० चा नुसता ठेवला, तर आडवं झाल्यावर तो काखेकडे घरंगळणार. म्हणून तो खिसा बाजूने आणि खालून आतल्या आत टाके घालून आवळावा लागतो. माझं दुखणं होतं ते या टाक्यांचं. बाहेरचा छेद जुन्याच व्रणावर होता, तो फारसा जाणवलाही नाही. पण कुशीला बरगडीपाशी आतून कुणी चिमटीत धरून ठेवल्यासारखं व्हायचं, विशेषतः खोकला आला की.

पहिल्या वेळी स्नायू उचलून जागा केली होती, तेव्हा पूर्ण छाती जखडली होती. या वेळी तसं काही नव्हतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच बरं वाटायला लागलं. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथेच. कमी दुखतं म्हणून हात आपोआप वर जातो. फडताळातला डबा, दोरीवरचे कपडे, देवघरातली वरची समई. पण दुखत नसलं तरी आतले टाके कोवळेच असतात. ते सुटले, तर खिसा पुन्हा मोठा होतो आणि इम्प्लांट सरकतो. म्हणून या शस्त्रक्रियेत कमी दुखेल तेवढं जास्त जपायचं. मला सहा आठवडे खांद्याच्या वर हात नाही, भरलेली कळशी नाही, गाडी नाही असं सांगितलं होतं. कणीक मळायलाही बंदी होती. तळहाताने जोर लावला की छातीचा स्नायू ताणला जातो, हे परातीसमोर बसेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नसतं.

दिसण्याबद्दल. पहिले काही आठवडे वरचा भाग सपाट, खालची कातडी सैल, एक बाजू उंच आणि एक खाली. संध्याकाळी सूज वाढली की वेगळंच रूप. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आरशाचा निकाल धरायचा नाही. व्रणाला तर वर्ष द्यायचं. ते तीन महिने मनाला जड गेले, हे खरं. नंतर कातडी खरंच आवळत आली.

इचलकरंजी, एकत्र कुटुंब

आमच्या घरात बारा माणसं. सासूबाईंना सांगितलं, छातीतली गाठ काढलीय. नवऱ्याला आणि जाऊबाईंना खरं माहीत होतं. गाठ म्हटल्यावर सगळा गोतावळा भेटायला. केळी, शहाळी, सफरचंदं घेऊन. आणि पाहुणे आले की सुनेनं उठायचं, पदर सावरायचा, चहा विचारायचा. अंगात ड्रेनची, म्हणजे जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणारी नळी, गाऊनच्या आत तिची बाटली अडकवलेली, आणि मी कपबश्या काढायला वाकतेय. जाऊबाईंनी बघितलं आणि मला खोलीत नेऊन दाराला कडीच घातली. "तू झोप गप. पाहुण्यांचं मी बघतो."

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही, पण घरात स्वयंपाकघराचा ताबा घेणाऱ्या एका बाईला खरं माहीत हवं. नवऱ्याला माहीत असून पुरत नाही. 'डॉक्टरांनी पाहुण्यांना मनाई केलीय' हे जाऊबाईंच्या तोंडून गेलं तेव्हाच घर शांत झालं.

दुसरं म्हणजे पोट. वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि कुंथलं की छातीवर जोर येतो. डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासून इसबगोल सुरू करा. तांबडा रस्सा काही दिवस राहू दे.

शिवाजी पेठ, वय २९, जिममध्ये ट्रेनर

राजारामपुरीच्या ताईंशी मी पूर्ण सहमत नाही. 'पहिल्यापेक्षा कमी दुखतं' हे सगळ्यांना लागू होत नाही. माझ्या एका बाजूचं कॅप्सूल कडक झालेलं. छाती हाताला घट्ट लागायची आणि इम्प्लांट वर ओढला गेला होता. त्यामुळे नुसता बदल नव्हता, आवरण पूर्ण सोलून काढलं, तपासणीला पाठवलं आणि सैल कातडी उचलून घेतली. टाके निपलभोवती, तिथून सरळ खाली, आणि खाली आडवे. दुखणं पहिल्या वेळेच्या दुप्पट होतं. तेव्हा शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्या : नुसता इम्प्लांट बदलणार, खिसा आवळणार, कॅप्सूल काढणार की कातडीही उचलणार? चारही गोष्टींचं सावरणं वेगवेगळं असतं.

उभा आणि आडवा टाका जिथे भेटतात, तिथे माझी जखम थोडी उघडली. नखाएवढी. मी घाबरून रात्री फोन केला. डॉक्टर म्हणाले, त्या कोपऱ्यात ताण सगळ्यात जास्त आणि रक्तपुरवठा सगळ्यात कमी, तिथे असं होतं. ड्रेसिंग बदलत राहिले आणि ती आपोआप भरून आली.

व्यायामाबद्दल : चालणं दुसऱ्या दिवसापासून, घरातल्या घरात. पुढे परवानगीने रंकाळ्याच्या कडेने सावकाश. पायांचे व्यायाम महिन्याभराने, तेही हातात वजन न घेता. जोर आणि बेंच प्रेस सगळ्यात शेवटी. तालमीच्या गल्लीत वाढलेल्या माझ्यासारखीला बसून राहणं अवघड गेलं, पण मी बसले.

कसबा बावडा, वय ५४

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. कर्करोगामुळे डावा स्तन काढला, त्याजागी इम्प्लांट घालून स्तन पुन्हा घडवला. नंतर माझं वजन उतरलं, उजवी बाजू लहान झाली आणि डावी तशीच राहिली. साडीतही फरक कळायचा. म्हणून डावीकडे लहान बसवून घेतला.

या बाजूला रेडिएशन झालेलं असल्यामुळे कातडी लवचीक नव्हती. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की भरून यायला वेळ लागेल आणि कडकपणा परत येण्याची शक्यताही जास्त. ड्रेन बरेच दिवस ठेवावा लागला. त्याचं पाणी रोज मोजून वहीत लिहायचं. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. प्रमाण उतरल्यावरच नळी निघते, आपल्याला कंटाळा आला म्हणून नाही.

माझ्यासारख्या बायकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या बाजूच्या कातडीला बहुधा संवेदना नसते किंवा फार कमी असते. शेजारच्या मावशी प्रेमाने गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या होत्या. मी घेतली नाही. बधिर जागी शेक दिला तर भाजलेलं कळत नाही. बर्फाचंही तेच. ज्यांना संवेदना हळूहळू परत येते, त्यांना मध्येच सुई टोचल्यासारखं, विजेचा झटका बसल्यासारखं होतं. नसा जाग्या होतानाचं ते लक्षण असतं.

आरोग्यविम्यात निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतर अवयव पुन्हा घडवण्याला त्या वगळण्यातून सूट आहे. कागदपत्रांत आधीच्या कर्करोगाचा उल्लेख ठळक असू द्या आणि दाखल होण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

कळंबा, नवरा

बायकोच्या परवानगीने लिहितो. तिची शस्त्रक्रिया पुण्यात झाली. डॉक्टरांनी लगेच प्रवासाला सोडलं नाही, जवळ लॉजवर राहून पहिली तपासणी करून मगच निघालो. हायवेवर रस्त्याची कामं चालू, डायव्हर्जनला खड्डे. सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये छोटी मऊ उशी ठेवा, त्याने फार फरक पडतो. दर तासा-दीड तासाला गाडी थांबवून तिला थोडं चालवलं, कारण एका जागी बसून पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो.

घरी पलंगाला लोड आणि तीन उशा लावून उतार केला. पाठीवर, डोकं वर ठेवून झोपायचं होतं. उठताना तिने हाताने रेटा द्यायचा नाही, मी पाठीखाली हात घालून उचलायचो. वेणी घालायला शिकलो. हात वर होत नाहीत म्हटल्यावर केस कोण विंचरणार?

तिने मला एकच अट घातली होती. कसं दिसतंय यावर तीन महिने चांगलं-वाईट काहीच बोलायचं नाही. ती संध्याकाळी कधी कधी रडायची, मी नुसता शेजारी बसायचो. मला वाटतं, ती अट घातली हे तिने फार शहाणपणाचं केलं.

ताराबाई पार्क, नर्स

वरचे अनुभव वाचले. एवढंच जोडते : एकच बाजू अचानक फुगली, टणक झाली, निळी पडली तर रक्त साठलेलं असू शकतं, सकाळपर्यंत थांबू नका. ताप, पसरणारी लाली, दुर्गंधी येणारा स्राव, पोटरीत दुखणं, धाप लागणं, यांतलं काहीही असलं तरी लगेच फोन. तंबाखू, मिश्री, सिगारेट शस्त्रक्रियेच्या आधीपासून बंद, कारण निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आकसतो. मिश्री लावणाऱ्या बायका ही गोष्ट सांगत नाहीत. सांगा. आम्ही रागावत नाही.

महाद्वार रोड

ब्लाऊज घाईने दाबून घेऊ नका. सूज उतरेपर्यंत माप बदलत राहतं. पुढून उघडणारे कुर्ते आणि बिनतारेची सर्जिकल ब्रा, दोन जोड तरी, म्हणजे एक वाळत घालता येते. टाके भरल्यावर मला सिलिकॉनच्या पट्ट्या दिल्या होत्या, व्रण मऊ पडला.

गडहिंग्लज, वय ३६

माझं अजून ठरत नाहीये. लहान बसवायचे की काढूनच टाकायचे? काढून टाकले तर पुन्हा शस्त्रक्रियेची कटकट नाही असं वाटतं. आणि चैत्रात जोतिबाला चालत जायचा माझा दरवर्षीचा नेम आहे, तो या वर्षी मोडेल का?

राजारामपुरी, वय ४१

गडहिंग्लजच्या ताई, माझ्यापुढेही हाच प्रश्न होता. इम्प्लांट जन्मभर टिकत नाहीत, हे आधी पक्कं धरा. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०२१ पासून हा इशारा ठळक चौकटीत द्यायला लावलाय. लहान बसवले, तरी पुढे कधीतरी पुन्हा टेबलावर जावं लागू शकतं. सिलिकॉनचे असतील तर पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, असं तिथलं मार्गदर्शन आहे. कारण सिलिकॉन आतल्या आत फाटलं तरी बाहेरून कळत नाही. मॅमोग्राफीला गेलात की इम्प्लांट आहेत हे आधी सांगायचं, त्या फोटोची पद्धत वेगळी असते. हे सगळं पुढे करत राहायची तयारी नसेल, तर काढून टाकणं हा अगदी चांगला पर्याय आहे. मात्र कातडी किती सैल राहील, ती उचलावी लागेल का, हे आधी विचारा. माझी तयारी होती, म्हणून मी लहान बसवले.

सध्या आत असलेल्या इम्प्लांटचं कार्ड शोधून ठेवा. कंपनी, माप आणि पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, हे त्यावर असतं. खरखरीत पृष्ठभागाच्या एका प्रकाराचा लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मिळ प्रकाराशी संबंध आढळल्याने तो जुलै २०१९ मध्ये जगभर परत मागवला गेला. कार्ड सापडलं नाही, तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथून केसपेपरची नक्कल मागा.

जोतिबाचं म्हणाल तर चालण्याची अडचण नाही, गर्दीची आहे. यात्रेत सासनकाठ्या, रेटारेटी, गुलाल, आणि कोपर कुणाचं कुठे लागेल सांगता येत नाही. पावसाळ्यानंतर करून घेतलीत तर चैत्रापर्यंत पुरेसे महिने मिळतात. तारीख ठरवताना डॉक्टरांना हा नेम मुद्दाम सांगा, मी माझ्या घरचं लग्न सांगितलं होतं आणि त्यांनी तारीख त्याप्रमाणे दिली.