परदेशी कामाला जाताना खायची बॅग न्यायची का नाही?

शेंद्रा शिफ्ट
आमच्या प्लँटमधली दोन पोरं जर्मनीला जायलीत, स्टुटगार्टजवळ, ३ आठवडे. मशीन इकडं यायच्या आधी तिकडंच ट्रायल घ्यायची असते त्यासाठी. बॅगा बघितल्या तर एक अख्खी बॅग खायचीच, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसर, ज्वारीचं पीठ आन् वर कॉइलची शेगडी. मागच्या साली मी बी असाच गेलतो म्हणून सांगतो, नका नेऊ. पहिले ८ दिवस मी रूमवरचा डबा मशीनपाशीच बसून खाल्ला. तिकडं साडेअकरा-बाराला माणसं जेवायला उठतात, जाता जाता एकमेकाला ‘मालत्साइट’ म्हणतात, म्हणजे जेवणाच्या टायमाचा रामराम. मला बी म्हणायचे, मी नुसती मुंडी हलवायचो. नवव्या दिवशी शेगडी जळाली म्हणून कँटीनला गेलो (लाज कशाची सांगायला) तर टेबलावर तिथला म्हातारा फिटर सहज बोलून गेला की ह्या मशीनचा एक सेन्सर तेलाच्या वाफेनं रुसतो, त्याचं कव्हर मागून घ्या. हे कुठल्याच मीटिंगमध्ये नव्हतं, कुठल्या कागदात नव्हतं आणि ८ दिवस मी त्या माणसापासून १० फुटांवर भिंतीकडं तोंड करून धपाटं खायलो होतो. माझं एवढंच म्हणणं, तिकडं जेवण चुकवलं की काम बी अर्धं चुकतं.

माळकरी पैठण
दादा तुमचं ठीक आहे, तुम्ही सगळं खाता. माझ्या गळ्यात माळ आहे. मी पण त्याच भागात जाऊन आलो, डबा नव्हता नेला, त्यांच्याच टेबलावर बसलो. एका दिवशी मसुराची उसळ दिसली, म्हणलं पांडुरंग पावला, जवळ जाऊन बघतो तर वर दोन सॉसेज आडवे झोपलेले. मग बटाट्याचं सॅलड घेतलं. आंबूस, कोमट, चांगलं लागलं, दोनदा घेतलं. घ्यायच्या आधी विचारलं होतं बरं का, ‘ओने फ्लाइश’ का म्हणून, म्हणजे बिनमांसाचं का. तो हो म्हणला. चार दिवसांनी कळलं की त्या भागात ते सॅलड मांसाच्या रश्श्यात मुरवतात. तो माणूस खोटं नाही बोलला, तुकडा कुठं होता त्यात? रश्श्याला ते मांस धरतच नाहीत. त्या रात्री पाणी सुद्धा गोड लागलं नाही, आणि तिकडचं पाणी तसंही बुडबुड्याचं. आता सांगा मी डबा नेला तर कामून चुकलो?

परभणीकर
दोघंबी मुद्द्याचं बोलंना गेलेत. किती जण धर्मासाठी शेगडी नेतात आन् किती जण भत्ता वाचवायसाठी? रोजचा भत्ता मिळतो युरोत, आपण पिठल्यावर भागवतो आणि उरलेल्यात घराचा एक हप्ता काढतो. मी बी काढलाय. फक्त मग ‘तिकडचं खाणं मानवत नाही’ असं म्हणू नये, खाल्लं कधी मानवायला?

नांदेडची लेक
परभणीकर दादा, बरोबर आहे पण सगळ्यांना एकाच मापात मोजू नका. मी जपानला नागोयात ३ महिने होते. तिथं नुसतं मांस नाही असं विचारून भागत नाही, मिसो सूप दिसतं साधं पण त्याचा रस्सा सुकवलेल्या माशाचा असतो. मी दुकानातली भाताची तिकोनी गोळी खायची, आत खारवलेलं आंबट फळ, आपल्या जुन्या लोणच्याच्या फोडीसारखं. पहिल्यांदा तोंड वाकडं झालं, महिन्याभरानं त्याच्याशिवाय करमंना. दुपारी सगळ्यांसोबत, तिथं नूडल्स फुर्रकन आवाज करून ओढल्या तर कुणी काही म्हणत नाही, घरी माय हाणली असती. पण रात्री रूमवर माझा भात आणि येसराची आमटी. दिवसभर परक्या भाषेत डोकं वापरून संध्याकाळी कुणाशीच हसून बोलायची ताकद राहत नाही राव. आणि शेंद्रावाले दादा, तुमचा फिटर बोलका निघाला हे नशीब समजा. मी ३ महिने त्यांच्यात बसून जेवले, मला कुणी सेन्सर सांगितला नाही 😄

शेंद्रा शिफ्ट
नशीब म्हणा, पण भिंतीकडं तोंड करून बसलेल्याला नशीब बी कुठून गाठणार? भत्त्याचं खरंय, मी बी वाचवला, नाकारत नाही. रात्रीचं बी मान्य, त्याला माझी ना नाही. माळकरी माउली, तुम्ही डबा न्याच, फक्त तो डबा त्यांच्या टेबलावर उघडा. मी चूक केली ती धपाट्याची नाही, कोपऱ्याची.
पोरांनो अजून एक, पेढे आणि तूप बॅगेतून काढा. दुधाचे असले पदार्थ भारतातून युरोपात नेऊ देत नाहीत, मायनं कितीबी प्रेमानं बांधलं तरी विमानतळावर काढून घेतील. अन् रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी-दूध आणून ठेवा. रिकाम्या बाटल्या फेकू नका, बहुतेक प्लॅस्टिकच्या बाटलीमागं २५ सेंट परत मिळतात, मी पहिल्या आठवड्यात डझनभर कचऱ्यात घातल्या.

माळकरी पैठण
टेबलावर उघडायला हरकत नाही, पण ठेच्याच्या वासानं तेच उठून गेले तर? 😀 पोरांत कुणी शाकाहारी असेल तर ‘ओने फ्लाइश’वर थांबू नका. ‘फ्लाइशब्र्यूहे’ असा शब्द आहे, मांसाचा रस्सा. तो कागदावर लिहून घ्या आणि नाव घेऊन विचारा, हा आहे का म्हणून.

परभणीकर
ते सगळं जाऊ द्या, त्या कॉइलवर भाकरी फुगती का?

शेंद्रा शिफ्ट
नाही फुगत. धूर मात्र एवढा झाला की अलार्म वाजला आन् अख्खं हॉटेल खाली रस्त्यावर. तव्यासकट मी बी.