आरोग्य केंद्रातलं औषधांचं दुकान कोणाच्या हातात असावं?

कागदवाचक
एकाच इमारतीत चार-सहा डॉक्टर, ड्रेसिंगची खोली, लसीकरण, रक्ताचे नमुने घेणारा टेबल आणि बाहेर पडता पडता औषधांचं काउंटर. रुग्णाची सोय होते, यात वाद नाही. दुकान आत असावं की बाहेर हा माझा प्रश्नच नाही; गल्ला कोणाचा हा आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच विक्रीतून वाटा मिळत असेल तर चिठ्ठी लांबते. त्यासाठी डॉक्टर लबाड असावा लागत नाही. "असू द्या एक टॉनिक, काही अपाय तर नाही" हे सहज तोंडातून निघतं, एवढंच.

दुखणं जुनं आहे. सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकातच वैद्य आणि औषध विकणारा यांच्या भागीदारीला बंदी घातली होती. जर्मनीत आजही दुकानाचा मालक फार्मासिस्टच लागतो, एक मुख्य दुकान आणि फार तर तीन शाखा. भांडवलदार कंपन्यांना दार बंद. 2009 मध्ये युरोपीय न्यायालयानेही ही अट वैध ठरवली. डॉक्टरने रुग्ण अमुक दुकानाकडे वळवायचे, असा करार तिथे करताच येत नाही.

माझं म्हणणं: जागा केंद्राची, मालकी फार्मासिस्टची, भाडं ठरावीक, विक्रीवर टक्केवारी नाही. असहमत असाल तर कारणासकट लिहा.

रोजची_ओपीडी
साफ असहमत, आणि कारणं आहेत.

एक तर जिथे जवळपास दुकानच नाही तिथे डॉक्टरने औषध द्यायचं नाही तर कोणी? इंग्लंडच्या ग्रामीण भागात रुग्णाचं घर औषधांच्या दुकानापासून 1.6 किलोमीटरपेक्षा लांब असेल तर त्याचा डॉक्टर औषध देऊ शकतो. भारतातल्या 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 म्हणतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टने द्यावं. पण डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला औषध देत असेल तर ते लागू नाही. कायदा करणाऱ्यांना तुमची शंका सुचली नव्हती असं थोडंच आहे!

आणि तुमचा तो स्वतंत्र फार्मासिस्ट काय उपाशीपोटी सेवा करतो? त्यालाही विक्रीतूनच पैसे मिळतात. ज्या ब्रँडवर मार्जिन जास्त तोच पुढे सरकतो. संशय घ्यायचा तर दोघांवर सारखा घ्या.

कागदवाचक
घेतो की. पण चिठ्ठीत काय असावं हे फार्मासिस्ट ठरवत नाही, तुम्ही ठरवता. फरक तिथे आहे.

काउंटरपलीकडे
मी फार्मासिस्ट आहे, अशाच एका केंद्रात. वर सगळे पैशांवर बोलताहेत, मला कामावर बोलायचं आहे.

परवाना म्हणजे दोन गोष्टींना मान्यता: ही जागा आणि हा माणूस. जागेचं सोपं असतं. फ्रीज 2 ते 8 अंशांत, त्याची रोजची नोंद, खोलीचं तापमान, पेशंटशी दोन शब्द आडोशाला बोलता येतील असा कोपरा. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर, मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात, त्यावर लेबल. गुंगीच्या औषधांचं कपाट कुलूपबंद आणि रजिस्टर वेगळं. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्या नोंदी किमान दोन वर्षं जपाव्या लागतात. तपासनीस आला की हे सगळं तासाभरात बघून होतं.

माणसाचं अवघड. इंग्लंडमध्ये जबाबदार फार्मासिस्टने दिवसात दोन तासांपेक्षा जास्त गैरहजर राहायचं नाही असा नियम केला. इतर अनेक ठिकाणी भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर दुसराच. केंद्राच्या आतल्या दुकानात हे जास्त चालतं, कारण "डॉक्टर आहेत ना शेजारी" म्हणून कोणी विचारत नाही.

आता मुद्दा. मेथोट्रेक्सेट सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा घेतात. चिठ्ठीत घाईने "रोज एक" लिहिलं गेलं आणि तसंच दिलं गेलं तर माणूस जिवाला मुकू शकतो. ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरच्या खोलीत जायचं आणि "हे असं देणार नाही" म्हणायचं, हे माझं काम. औषधं मोजून पाकिटात भरणं कोणीही करेल. समोरचा डॉक्टर माझा पगार देत असेल तर दारापर्यंत जाऊनही जीभ अडते. म्हणून मी कागदवाचकांच्या बाजूने.

रोजची_ओपीडी
उलटं सांगतो. एकाच संस्थेत असल्यामुळेच तुम्ही माझं दार ठोठावू शकता. रस्त्यापलीकडचा फार्मासिस्ट फोन करतो, माझा फोन ओपीडीत बंद, मग तो अंदाजाने देतो किंवा पेशंटला परत पाठवतो.

काउंटरपलीकडे
दार ठोठावायला एक इमारत लागते, एक मालक नाही लागत.

हिशेबनीस
मी केंद्रांचे हिशेब बघतो, म्हणून अप्रिय बोलतो. बऱ्याच केंद्रांत औषधांच्या नफ्यातून नर्सचा पगार निघतो. तो नफा काढला तर खर्च कुठून भरायचा, यावर इथे कोणी चकार शब्द काढलेला नाही. चीनने सरकारी दवाखान्यांना औषधांवर मिळणारं 15 टक्के मार्जिन टप्प्याटप्प्याने बंद केलं, 2017 पर्यंत सगळ्या सरकारी रुग्णालयांत. सोबत तपासणी-उपचारांचे दर वाढवावे लागले आणि सरकारी अनुदानही द्यावं लागलं. दक्षिण कोरियाने जुलै 2000 मध्ये लिहिणं आणि देणं वेगळं केलं, तर डॉक्टर संपावर गेले आणि त्यांचं तपासणी शुल्क वाढवून द्यावं लागलं. केंद्राने दुकान चालवावं, नफा सेवेत घालावा, ऑडिट व्हावं. एवढं पुरे.

तळटीप
ऑडिटमध्ये चिठ्ठीची लांबी दिसत नाही, हिशेबनीस.

तैवानचं उदाहरण बघा. 1997 मध्ये त्यांनीही ही फारकत सुरू केली, पण एक फट ठेवली: क्लिनिकने स्वतःचा फार्मासिस्ट ठेवला तर औषध आत देता येईल. पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसलं की ज्या क्लिनिकांत आत फार्मासिस्ट नव्हता तिथे औषधं लिहिण्याचं प्रमाण आणि खर्च कमी झाला. जिथे आत ठेवला होता तिथे फरक पडला नाही. म्हणजे नुसता पदवीधर माणूस बसवून भागत नाही. काउंटरपलीकडे, तुमच्या जीभ अडण्याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

गुडघेदुखी
तुम्हा सगळ्यांना एक विनंती: कधीतरी तापात फणफणलेलं पोर कडेवर घेऊन चिठ्ठी हातात धरून बघा.

कोरियात दवाखान्याच्या आवारात दुकानच काढू देत नाहीत, दोघांना जोडणारी खास वाट ठेवायलाही मनाई. जपानमध्ये तर 2016 पर्यंत रुग्णाने दवाखान्यातून सार्वजनिक रस्त्यावर येऊन मगच दुकानात जायचं, म्हणून मध्ये कुंपणं घालून ठेवली होती! व्हीलचेअरवरच्या बाईने कुंपणाला वळसा घालायचा, कशासाठी, तर डॉक्टरचा मोह आवरावा म्हणून. मोह त्यांचा आणि पायपीट माझी?

कागदवाचक
ताई, कुंपणाचं समर्थन मी करत नाही. पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की दुकान आत असू दे. जपाननेही ऑक्टोबर 2016 पासून ती अट सैल केली. मात्र नंतर आवारातल्या दुकानांचं औषध देण्याचं शुल्क इतरांपेक्षा कमी ठेवलं. चिठ्ठ्या आपोआप चालत येतात, तर कमाईही बेताची. मला हे पटतं.

गुडघेदुखी
मग त्यात एक घाला. चिठ्ठी माझी आहे, ती मी कुठेही नेईन, हे काउंटरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं हवं. आणि चिठ्ठी थेट संगणकावरून आतल्या दुकानात पाठवायची असेल तर आधी मला विचारायचं. आता विचारत नाहीत, नाव पुकारतात.

काउंटरपलीकडे
हे रास्त आहे. आमच्याकडेही विचारत नाहीत.

रोजची_ओपीडी
तैवानचा मुद्दा मला झोंबला, मान्य. तरी "ठरावीक भाडं" ही पळवाट आहे. भाडं नेहमीच्या तिप्पट ठेवलं की टक्केवारी आलीच, फक्त महिन्याच्या पहिल्या तारखेला आणि पावतीसह.

कागदवाचक
म्हणून भाडेकरार परवाना देणाऱ्या खात्याकडे दाखल व्हावा. नूतनीकरणाच्या अर्जाला जोडायचा.

हिशेबनीस
ते खातं फ्रीजचं तापमान बघायला येतं. भाडेकरार वाचणारा माणूस त्यांच्याकडे नाही.

तळटीप
मग नेमा. तेवढं परवाना शुल्कातून भागेल.

हिशेबनीस
समजा नेमला. दुकान डॉक्टरच्या मेहुण्याच्या नावावर आहे, मेहुणा रीतसर फार्मासिस्ट आहे, भाडं वाजवी आहे. आता तुमचा माणूस काय शोधणार?