नागीण सुकली, आग मात्र जात नाही. आता कोणाकडे जायचं?

पाऊलवाट:
बाबांना (वय ६८, मधुमेह) पाच आठवड्यांपूर्वी डाव्या बरगडीवर नागीण उठली. त्वचेच्या डॉक्टरांनी चौथ्या दिवशी गोळ्या सुरू केल्या. खपल्या गळून गेल्या, पण आग होते, मधूनच करंट लागल्यासारखी कळ येते, सदरा टेकला तरी कळवळतात. कोणी न्यूरोलॉजिस्ट सुचवतं, कोणी पेन क्लिनिक. शेजारी गेरूचा लेप लावा म्हणताहेत. आधी कोणाला दाखवावं?

खलबत्ता:
त्वचारोगतज्ज्ञांचं मुख्य काम संपलंय. दुखणं आता कातडीचं नाही, नसेचं आहे. तीन महिन्यांपुढे टिकलं तर त्याला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात, पण उपचारासाठी तोवर थांबायचं नसतं.

आधी मधुमेह पाहणारे एमडी फिजिशियन गाठा आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. नसेच्या दुखण्यावरची औषधं, गॅबापेंटिन आणि प्रीगॅबलिन, मूत्रपिंडातून बाहेर पडतात. ते कमजोर असेल तर नेहमीचा डोसही जास्त होतो. गॅबापेंटिन बहुधा रात्री १०० ते ३०० मिग्रॅपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक. योग्य डोसवर दोन-तीन आठवडे तरी द्यावे लागतात. सुरुवातीला गरगरतं, त्यामुळे रात्री संडासला उठताना पडण्याची भीती असते. दिवा चालू ठेवा. आणि गोळी अचानक बंद करू नका.

नसेच्या दुखण्यावरचं दुसरं औषध अमिट्रिप्टिलीन दिलं तर प्रोस्टेट, काचबिंदू, हृदयाचा त्रास आधी सांगा. लघवी तुंबू शकते. डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, वर मधुमेह्याच्या मूत्रपिंडावर भार.

उंबरठा:
पेन क्लिनिक म्हणजे बहुतेक ठिकाणी वेदनाशास्त्राचं प्रशिक्षण घेतलेले भूलतज्ज्ञ. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बधिरीकरण विभागाची पेन ओपीडी असते. केसपेपर काढताना तसं विचारा, नाहीतर पुन्हा त्वचेच्या रांगेत उभं करतील. महिनाभर नीट औषध घेऊनही झोप लागत नसेल किंवा गोळ्यांनी गुंगीच येत असेल, तर तिथे जा.

बरगडीवरच्या नागिणीसाठी ते सोनोग्राफीत बघत बरगडीखालच्या नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन देतात. त्यात स्टिरॉइड असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते. ग्लुकोमीटर हाताशी ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा ५ टक्क्यांचा पॅचही मिळतो: अखंड कातडीवर १२ तास लावायचा, १२ तास काढायचा.

न्यूरोलॉजिस्ट हवा तो हातापायात शक्ती कमी झाली, तोल जाऊ लागला किंवा निदानाचीच शंका असली तर. न्यूरोसर्जनकडे जाऊ नका, ते शस्त्रक्रियेचे डॉक्टर.

तांबडंफुटलं:
नव्याने नागीण उठलेल्यांसाठी. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत विषाणूविरोधी गोळ्या: असायक्लोविर ८०० मिग्रॅ दिवसातून पाच वेळा, सात दिवस किंवा व्हॅलासायक्लोविर १००० मिग्रॅ तीन वेळा, हा प्रौढांचा नेहमीचा डोस; मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कमी. नुसतं मलम पुरत नाही. ७२ तास उलटले तरी नवे फोड येत असतील तर डॉक्टर गोळ्या देतात.

कपाळावर, डोळ्याभोवती आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. कानात फोड आणि तोंड वाकडं झालं तर कान-नाक-घसा. गुदद्वाराभोवती येऊन लघवी अडली तर युरोलॉजिस्ट. अंगभर पसरली तर प्रतिकारशक्ती खालावलेली असू शकते; थेट मोठं रुग्णालय.

गेरू, चुना नको. ओल्या फोडांवर जंतुसंसर्ग होतो, सुकल्यावर उपयोग शून्य. विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, हेही खोटं: नस पाठीच्या कण्यापासून छातीच्या मध्यापर्यंतच येते, म्हणून पट्टा अर्ध्यावर थांबतो.

पाऊलवाट:
फिजिशियनची वेळ घेतली. लस आता देता येईल का? आणि सदऱ्याचं काय करायचं?

खलबत्ता:
पुरळ पूर्ण बरं झाल्यावर शिंग्रिक्स देतात, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. पुढची नागीण टाळण्यासाठी ती. आताची आग तिने शमणार नाही. सैल सदरा घासत राहतो, त्याने जास्त झोंबतं. आतून अंगाबरोबरचं सुती बनियन घाला, शिवण बाहेरच्या बाजूला करून.