तुआरेगांसाठी मागायचं तरी काय?

माठातलं_पाणी: आमच्या बुधवारच्या प्रार्थना गटात यादी असते. या आठवड्याला तुआरेग, सहारा वाळवंटातले भटके लोक. कागदावर छापलंय : ‘सुवार्ता न पोहोचलेले, त्यांचा अंधार दूर होवो.’ आमेन म्हणून घरी आले आणि अडखळले. हे लोक मुसलमान, लिपी स्वतःची तिफिनाघ, तंबू बाईच्या मालकीचा, आणि तोंड झाकतो तो पुरुष! अंधार नेमका कुठला?

शार्ल द फूको आठवला. फ्रेंच फौजी, पुढे धर्मगुरू. १९०५ मध्ये अल्जीरियाच्या दक्षिणेला तामनरासेतमध्ये जाऊन राहिला. १९०८ च्या जानेवारीत दुष्काळ, आणि हा अंथरुणाला खिळलेला. मिस्साही (कॅथलिक उपासनाविधी) करता येईना, कारण सोबतीला दुसरा ख्रिस्ती माणूस हवा, तो नाही. तेव्हा तुआरेगांनी आसपासच्या चार किलोमीटरमधल्या शेळ्या धुंडाळून, मिळेल ते दूध त्याला आणून पाजलं. वाचवलं कुणी कुणाला?

सुवार्तिक_७७: ताई, गोष्ट छान, पण मत्तय २८ मधली ‘सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा’ ही येशूची आज्ञा खोडायची का? फूकोनेही त्यांच्या तारणाची आशा सोडली नव्हती. आपण फक्त जमीन साफ करतोय, पीक पुढच्यांचं, असंच त्याला वाटायचं. पाऊस मागा, दूध मागा, पण ख्रिस्त मागू नका म्हणणं म्हणजे पाहुण्याला मीठ वाढून भाकरी झाकून ठेवणं. आणि इथे बसून गुडघे टेकले तर तिकडे कुणाचा तंबू हलतो?

खडूफळा: मी ख्रिस्ती नाही, तरी बोलतो. हलतो ना तंबू! फूकोचा जिवलग मित्र लापेरीन हा सहारातल्या फ्रेंच फौजेचा सेनापती. गावकऱ्यांच्या आसऱ्यासाठी म्हणून फूकोने कोट बांधला, त्यात बंदुका ठेवल्या होत्या. १ डिसेंबर १९१६ ला त्याच कोटाच्या दाराशी तो गोळी लागून मेला. तिथे प्रार्थना आणि पलटण एकाच उंटावरून आली. तुमच्या यादीत हे छापत नाहीत.

वसईचा_वारा: खडूफळा, बंदुकांचं मान्य, त्यावर पांघरूण नको. पण त्या माणसाचे दिवस कशात गेले तेही बघा. तुआरेगांची हजारो ओळींची कविता उतरवून घेतली; तुआरेग-फ्रेंच शब्दकोश केला, तो मरणानंतर चार खंडांत निघाला. बाप्तिस्मे मोजायला एका हाताची बोटं पुरतील. तरी १५ मे २०२२ ला पोपनी त्याला संत केलं, आपल्या भारतातल्या हुतात्मा देवसहायम पिल्लेंसोबत. त्या दिवशी आमच्याकडे सगळे देवसहायमचंच बोलत होते, फूको कोण ते कुणी विचारलंही नाही.

सुवार्तिक, तुमच्या भाकरीबद्दल एवढंच : समोरच्याला भूक कशाची आहे, हे त्याच्याच भाषेत आधी विचारावं लागतं. फूकोची अकरा वर्षं त्यातच गेली.

सुवार्तिक_७७: विचारा की. पण विचारून झाल्यावर वाढणार आहात ना?

माठातलं_पाणी: आज पुन्हा बुधवार. माझी पाळी आली तेव्हा मोठ्यानं पाऊस मागितला, शेळ्यांना चारा मागितला. ‘अंधार’ गाळला. शेजारच्या मावशींनी आमेन म्हटलं आणि हळूच जोडलं, “आणि तारण पण, प्रभू.”